घोंगडीला कसर लागली तर? संग्रहालयाकडून शिकूया



मागे आम्ही वर्गात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. चौथीतल्या एका मुलाने आजोबांची घोंगडी आणली. प्रदर्शन झालं आणि घोंगडी कपाटातच राहिली. चार महिन्यांनी उघडली तर भोकंच भोकं! चूक माझीच. म्हणून मग संग्रहालयं अशा वस्तू कशा सांभाळतात ते वाचून काढलं.

खातं कोण?
सोनेरी रंगाचा, ६-८ मिलिमीटरचा छोटा पतंग आपल्याला दिसतो. पण तो काहीच खात नाही. खाते ती त्याची अळी. लोकर, पिसं, केस यांत केराटिन हे प्रथिन असतं, ते तिचं अन्न. रेशीमही ती खाते. स्वच्छ सुती कापडाला सहसा धोका नसतो. पण घामाचे, अन्नाचे डाग असतील तर तेही कुरतडलं जातं.

ओळखायचं कसं?
- अनियमित भोकं, झडलेली लोकर
- रेशमी जाळी किंवा छोट्या नळ्या
- वाळूसारखी बारीक विष्ठा (बऱ्याचदा कापडाच्याच रंगाची)

अळीला अंधार आणि शांतता आवडते. त्यामुळे घड्या, शिवणी, कपाटाचे कोपरे आधी बघा. संग्रहालयांत मादीच्या गंधाचे चिकट सापळे ठेवतात. त्यांत नर अडकतात. याने कसर संपत नाही, पण ती कुठे आहे ते कळतं.

उपाय काय?
वस्तू आधी वेगळी करायची. मग पॉलिथिनमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंशांवर ३ दिवस, किंवा उणे १८ अंशांवर २ आठवडे गोठवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही! एक दिवस थांबा, नाहीतर कापडावर दव धरतं. गोठवणं न सोसणाऱ्या वस्तू नायट्रोजन भरलेल्या बंद आवरणात काही आठवडे ठेवतात. ऑक्सिजनच नाही, तर अळी जगणार कशी?

इंग्लंडमधल्या ब्लिकलिंग हॉल या जुन्या वाड्यात २०२१ मध्ये वेगळाच प्रयोग झाला. तिथे ट्रायकोग्रामा नावाच्या अगदी सूक्ष्म गांधीलमाश्या सोडल्या. त्या पतंगाच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात. म्हणजे अळी जन्मतच नाही.

आपण काय करूया?
लोकरी कपडे धुऊन, वाळवूनच ठेवा. महिन्यातून एकदा घडी मोडून झटका. डांबराच्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्या विषारी असतात.

घोंगडी मी रफू करून परत दिली. आजोबा रागावले नाहीत, पण भोकांवरून हात फिरवत राहिले. मुलांनी विश्वासाने आणलेली वस्तू त्याच दिवशी घरी पाठवा, एवढंच सांगणं.