दोन घोडे एका मैदानात सोडले की भांडतात. मग त्यांना कायमचं बांधूनच ठेवायचं का?

जुलै 2025 मधला जबलपूरचा तो व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. दोन मोकाट घोडे भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडलेत, माणसं वाट फुटेल तिकडे पळतायत, आणि त्यातला एक घोडा थेट ई-रिक्षात घुसतो. माणसं जखमी झाली, घोडा रिक्षात अडकून पडला आणि तोही जखमी झाला. त्यावर जोक्सही भरपूर झाले.

असं काही पाहिलं की वाटतं, घोडा म्हणजे भांडकुदळ जनावर, दुसऱ्या घोड्याजवळ त्याला सोडायलाच नको. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होतंही तेच. सारंगखेड्याच्या यात्रेत जा, नाहीतर माथेरानला जा, घोडा दिसतो तो एकतर बांधलेला किंवा कुणाच्या तरी हातात लगाम असलेला. मालकाचंही चुकत नाही. ज्याचं घर घोड्याच्या पाठीवर चालतं, त्याचा घोडा एका लाथेने लंगडा झाला तर रोजची कमाई बंद. तो धोका कोण घेणार?

पण घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. त्याला दिवसचे दिवस एकट्याला बांधून ठेवलं की तो जागच्या जागी डावी-उजवीकडे झुलत राहतो, लाकडाला दात लावून हवा गिळायला लागतो. आपण म्हणतो, घोड्याला खोड लागली. ही खोड बऱ्याचदा कोंडून ठेवल्यामुळे, सोबत नसल्यामुळे आणि पुरेशी वैरण चघळायला न मिळाल्यामुळे लागलेली असते. स्वित्झर्लंडच्या प्राणी संरक्षण नियमांनुसार तर घोड्याला दुसरा घोडा दिसला पाहिजे, त्याचा आवाज आणि वास आला पाहिजे. पूर्ण एकटं ठेवणंच चालत नाही.

हे भांडण की ओळख परेड?

दोन अनोळखी घोडे समोरासमोर आले की आधी नाकाला नाक लावून हुंगतात. मग एकजण जोरात किंचाळतो, पुढचा पाय आपटतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण इथपर्यंत कुणालाही काही झालेलं नसतं. पुढची पायरी म्हणजे कान मागे मानेला चिकटवणं. त्यानेही समोरचा हटला नाही तर मान लांब करून दात दाखवणं, किंवा पाठ फिरवून मागचा पाय उचलणं. खरा चावा आणि खरी लाथ याच्या नंतर येते. बहुतेक वेळा प्रकरण कानांवरच मिटतं, कारण समोरचा चार पावलं मागे सरकतो.

त्या चार पावलांसाठी जागा लागते. ती नसली, घोडा कोपऱ्यात सापडला, की मग दुगाण्या.

घोडा खच्ची केलेला नसेल, म्हणजे पूर्ण नर असेल, तर लोक त्याला दुसऱ्या नराजवळ उभंही करत नाहीत. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय अश्वपैदास केंद्रातल्या संशोधकांनी नेमकं हेच करून बघितलं. 2009 मध्ये पैदाशीचे पाच नर आणि 2010 मध्ये आठ नर त्यांनी मोठ्या कुरणात एकत्र सोडले. हुंगणं, किंचाळणं, रुबाब दाखवणं हे प्रत्यक्ष मारामारीपेक्षा जास्त झालं. त्यातही भांडणं आणि हे सगळे सोपस्कार पहिल्या तीन-चार दिवसांतच झपाट्याने कमी झाले. आदल्या वर्षी एकत्र राहिलेल्या घोड्यांमध्ये तर दुसऱ्या वेळी कटकट आणखी कमी झाली. मात्र कुणाचा मान किती, हे पक्कं व्हायला दोन-तीन महिने गेले.

यावरून उद्या कुणी दोन नर शेतात सोडून रील काढू नका. तिथे कुरण मोठं होतं आणि लक्ष ठेवायला त्यातली जाणकार माणसं होती. जवळपास माजावर आलेली घोडी असेल तर हे सगळं गणितच फिसकटतं.

मग एकत्र सोडायचे कसे?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नवा घोडा टेम्पोतून उतरवला आणि थेट कळपात सोडला. आधी त्याला काही दिवस वेगळा ठेवा, म्हणजे तो काही रोग घेऊन आला असेल तर तेही कळतं. मग शेजारी ठेवा, मध्ये मजबूत आडोसा असू द्या, पण नाकाला नाक लागेल एवढी सोय हवी. स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी 2009 च्या अभ्यासात पाहिलं की आधी शेजारच्या खणात राहिलेले घोडे मैदानात भेटले तेव्हा चावाचावी कमी झाली. पुढे कळपातल्या सगळ्यात शांत घोड्यासोबत त्याची जोडी जमवा आणि मग दोघांना मिळून बाकीच्यांत सोडा. एकटा नवखा सगळ्यांच्या तोंडी देऊ नका.

सोडण्याआधी मागच्या पायांचे नाल काढून घ्या. नालबंदाला बोलवायचा कंटाळा येतो, मान्य, पण नाल असलेली लाथ हाड मोडू शकते आणि बिननालाची बऱ्याचदा मुका मार देऊन जाते. गळ्यात किंवा पायात लोंबती दोरी ठेवू नका. कुंपण काटेरी तारेचं असेल तर तिथे नवा घोडा सोडूच नका, कारण पळताना त्याला तार दिसत नाही.

आणि वैरण! रोजची भांडणं बरीचशी जेवणावरून होतात. चार घोडे असतील तर गवताचे पाच-सहा ढीग करा, तेही एकमेकांपासून चांगले लांब. एकाने हुसकावलं तरी दुसऱ्याला जायला जागा उरते. पाण्याचं एकच टाकं कोपऱ्यात असेल तर दांडगा घोडा तिथे पहारा देत उभा राहतो, म्हणून पाणी मोकळ्यावर आणि दोन ठिकाणी ठेवा. हरभरा, भरडा असा खुराक मात्र वेगवेगळं बांधूनच द्या.

पहिले काही तास तिथे माणूस हवा. पण भांडण लागलं म्हणून मध्ये घुसू नका, अर्धा टनाच्या आसपास वजनाच्या जनावराला तुम्ही त्या क्षणी दिसतही नसता. लांबूनच मोठा आवाज करा, बादली वाजवा.

वेगळं कधी करायचं? हरलेला घोडा लांब गेला तरी दुसरा पाठलाग सोडत नसेल, त्याला पाण्यावर येऊ देत नसेल, दोन-तीन आठवड्यांनीही रोज नवे व्रण दिसत असतील किंवा एकाचं वजन उतरत असेल, तर ती जोडी जमत नाही असं समजा. तेव्हाही घोड्याला एकटं पाडू नका, दुसरा सोबती शोधा. जमलेली जोडी ओळखणं सोपं असतं. दोघं तोंडं उलट दिशेला करून उभे राहतात आणि एकमेकांची मान, आयाळ दातांनी खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर 1993 मध्ये दिसलं होतं की मानेच्या मुळाशी असं खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात.

एक गोष्ट राहिली. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. त्यामुळे एकत्र सोडण्याआधी लस झालीये का हे पशुवैद्यांकडून बघून घ्या. आणि सांध्याजवळ लाथेची जखम दिसली, तर ती कितीही छोटी वाटली तरी हळद भरून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.