पत्रिकेची वेलबुट्टी आपली आपणच काढू या : कॉम्प्युटरवर स्वतःचा ब्रश कसा बनवायचा?

रमजान ईद झाली की निकाहचा मोसम सुरू होतो आणि घरात पत्रिकांचा ढीग जमतो. जरा निरखून पाहा, दहापैकी सात-आठ पत्रिकांची किनार एकच असते. कुणीतरी इंटरनेटवरून उतरवलेली वेल, तीच सगळीकडे फिरते.

माझ्या मोठ्या भाचीच्या निकाहची पत्रिका मीच घरी बनवली होती. मोबाईलवर आलेल्या एका चित्रातून फूल कापलं आणि ताणून मोठं करून चारी बाजूंनी लावलं. स्क्रीनवर छान दिसलं. तीनशे पत्रिका छापून आल्या तेव्हा किनार धुरकट, जणू शाई पसरली होती. पैसे गेले, वेळही गेला. वाटायच्या तर त्याच वाटाव्या लागल्या. चूक काय झाली ते नंतर समजलं, म्हणून हा लेख.

ब्रश म्हणजे ठसा

कापडावर छपाई करणारा कारागीर लाकडी ठसा रंगात बुडवून ओळीने मारत जातो. कॉम्प्युटरचा ब्रश तेच काम करतो. आपण रेघ ओढतो तेव्हा सॉफ्टवेअर ठरावीक अंतरावर एकच ठसा पुन्हा पुन्हा मारत असतं. ठशात काळा भाग असेल तिथे रंग उमटतो, पांढरा असेल तिथे उमटत नाही, करडा असेल तिथे फिका उमटतो. म्हणून ठसा काळ्या-पांढऱ्यातच बनवायचा. हिरवा, सोनेरी, मरून, जो रंग हवा तो नंतर निवडता येतो.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. 'गिंप' हे १९९६ पासून मोफत मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. चोरीची कॉपी वापरायची गरज नाही.

पहिला ब्रश : आठ टोकांचा तारा

जुन्या मशिदी-मकबऱ्यांच्या जाळीत दिसणारा हा तारा काढायला सगळ्यात सोपा. दोन सारखे चौकोन, त्यातला एक ४५ अंशांनी फिरवलेला, बस.

१. ३०० बाय ३०० पिक्सेलची नवी पांढरी फाइल उघडा. 'इमेज' मेनूतून 'मोड' आणि मग 'ग्रेस्केल' निवडा.
२. नवा पारदर्शक लेयर घ्या. बरोबर मध्यभागी २०० पिक्सेलचा चौकोन निवडून काळा भरा, मग निवड काढून टाका.
३. त्या लेयरची नक्कल करा आणि 'रोटेट' टूलने ४५ अंश फिरवा. तारा तयार. फिरवलेल्या चौकोनाचा कर्ण साधारण २८३ पिक्सेल होतो, म्हणून तो ३०० मध्ये मावतो.
४. 'इमेज' मेनूतून 'फ्लॅटन इमेज' करा. जाळीसारखं दिसायला हवं असेल तर मधोमध छोटं वर्तुळ निवडून पांढरं भरा.
५. 'फाइल' मधून 'एक्स्पोर्ट ॲज' करा. नावाच्या शेवटी '.जीबीआर' (ही अक्षरं इंग्रजीत) लिहा. 'स्पेसिंग' विचारेल तिथे १०० टाका, म्हणजे एक ठसा संपला की लगेच दुसरा सुरू होईल.
६. फाइल ब्रशच्या फोल्डरमध्ये ठेवा. तो कुठे आहे ते 'प्रेफरन्सेस' मध्ये 'फोल्डर्स', 'ब्रशेस' इथे दिसतं. मग ब्रशच्या यादीत 'रिफ्रेश' दाबा.

फोटोशॉपवर काम करणाऱ्यांनी असंच काळं-पांढरं चित्र बनवून 'एडिट' मधलं 'डिफाइन ब्रश प्रीसेट' वापरावं.

किनार बसवायचा हिशोब

पत्रिका ५ बाय ७ इंचांची धरू. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे फाइल १५०० बाय २१०० पिक्सेलची. कागद कापताना किनार कापली जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी अर्धा इंच, म्हणजे १५० पिक्सेल, मोकळे सोडा. आत १२०० बाय १८०० उरले. ब्रशचा आकार १५० ठेवला तर रुंदीत बरोबर ८ आणि लांबीत १२ तारे बसतात, कोपऱ्यात अर्धा तारा तुटत नाही. एकूण तारे ३६.

'इमेज' मधल्या 'कॉन्फिगर ग्रिड' मध्ये अंतर १५० आणि ऑफसेट ७५ ठेवा. 'व्ह्यू' मधून 'स्नॅप टू ग्रिड' चालू करा. किनारीसाठी वेगळा लेयर घ्या. एका कोपऱ्यात क्लिक करा, शिफ्ट दाबून दुसऱ्या कोपऱ्यात क्लिक करा, सरळ ओळ उमटेल. शेवटचा तारा राहिला तर तिथे एक क्लिक करा.

आणि माझी चूक इथेच होती. ठसा नेहमी लागेल त्याच्या दुप्पट मोठा बनवा. ३०० चा ठसा १५० वर वापरला तर स्वच्छ उमटतो. ६० चा ठसा ताणून १५० केला तर तो धुरकटच होणार.

अल्लाहचं नाव ब्रशमध्ये नको

काही मुलं 'बिस्मिल्लाह'चाच ब्रश बनवतात. हे टाळा. ठसे एकमेकांवर चढले की अक्षरं तुटतात, आणि 'सिमेट्री' चालू असेल तर आरशातल्यासारखी उलटी उमटतात. शिवाय पत्रिका शेवटी कुठे पडते, ते आपण पाहतोच. मजकूर लिहायचाच असेल तर एकदाच, वेगळ्या लेयरवर लिहा आणि अरबी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. सजावटीला तारे, वेली, जाळ्या, मेहंदीची फुलं काही कमी नाहीत.

घरातली नक्षी शोधा

गेल्या वर्षी धाकट्या भाचीचा निकाह ठरला. या वेळी इंटरनेटवर शोधलंच नाही. नानीने हाताने भरलेला दस्तरखान पेटीतून काढला, खिडकीजवळ सपाट पसरला आणि बरोबर वरून फोटो घेतला. 'कलर्स' मधल्या 'थ्रेशोल्ड'ने फोटो निव्वळ काळा-पांढरा केला, एकच फूल कापून घेतलं, उसवलेला टाका बारीक ब्रशने भरला आणि वर सांगितलेल्या पद्धतीने ठसा बनवला.

छापून आलेली पहिली पत्रिका नानीच्या हातात दिली. नजर कमी झालीय, तरी तिने किनारीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "हे माझं फूल ना?"

दस्तरखान आता विरत चाललाय. ब्रशची फाइल मात्र चारही भाच्यांकडे आहे. तुमच्या घरातही एखादी ओढणी, उशीचा अभ्रा, जुनी मेहंदीची वही असेल. सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन बसा. फोटो काढायला पाच मिनिटं लागतात, आणि ज्यांनी ती नक्षी भरली त्यांना तिच्याबद्दल विचारायची हीच वेळ आहे.