फोटोत बैल आहे, गडी कुठे आहे?

घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत सातारा, सांगली, नांदेडकडून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. गावातल्या मोठ्या वाड्यात लावलेला एक फोटो त्यांच्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. झूल घातलेला, शिंगे रंगवलेला खिलार बैल, शेजारी फेटा बांधलेला मालक आणि खाली ‘प्रथम क्रमांक’ अशी अक्षरे. खटाव तालुक्यातील पुसेगाव, आटपाडीकडची खरसुंडी, नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथील यात्रांत जनावरांचा मोठा बाजार भरतो. बक्षीस मिळाले की फोटो काढायचा, हे ठरलेलेच.

ही हौस केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये १७९६ साली जन्मलेला ‘डरहॅम ऑक्स’ नावाचा अवाढव्य बैल खास गाडीत घालून सुमारे सहा वर्षे गावोगाव दाखवला गेला. १८०२ साली त्याचे चित्र छापले, तर वर्षभरात दोन हजारांहून अधिक प्रती खपल्या. चिनी मातीच्या बशांवरही तो बैल झळकला.

पण अशी सगळीच चित्रे खरी नव्हती. थॉमस ब्युइक या प्रसिद्ध चित्रकाराने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, जनावराच्या अंगावर नसलेली चरबी चित्रात दाखवावी, असा आग्रह त्याला झाला. त्याने साफ नकार दिला. मालकाचा मोठेपणा वाढावा म्हणून बैल फुगवायचा, असा तो प्रकार होता.

वाचकहो, आपल्याकडच्या फोटोत बैल फुगवलेला नाही. पण एक माणूस गाळलेला आहे. पहाटे उठून कडबा-पेंड घालणारा, खरारा करणारा, आजारपणात गोठ्यातच झोपणारा सालगडी त्या चौकटीत क्वचितच दिसतो. शेण-गोठा करणारी त्याची बायको तर नाहीच नाही. पाडव्याला साल ठरवून राबलेली अशी माणसे आपल्यापैकी कित्येकांच्या घरात होऊन गेली आहेत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सरकारने दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात व उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, अशी सूचना त्यांनी त्यात केली. औत हाकणे ही हाताची विद्या आहे. त्या विद्येला बक्षीस मिळावे, हे त्यांना सुचले. कारण त्यांची नजर राबणाऱ्या हाताकडे होती.

तेव्हा पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आजोबांनी कोणाची जनावरे सांभाळली? बैलांची नावे काय होती? कोणत्या यात्रेत, कोणत्या साली बक्षीस आले? ऐकलेले वहीत लिहून ठेवा. जुना फोटो हाती लागलाच, तर त्याच्या पाठीमागे राबणाऱ्याचे नाव लिहा. बैलाचे नाव गावाच्या लक्षात राहते. त्याला वाढवणाऱ्याचे नाव निदान त्याच्या नातवंडांना तरी ठाऊक असायला हवे.