कावीळ एक, कारणे दोन

पावसाळ्यात भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावात डोळे पिवळे झाले की कुणी कावीळ उतरवून घेतो, कुणी झाडपाल्याचे औषध शोधतो. पण कावीळ हा स्वतंत्र आजार नाही, ते लक्षण आहे. त्यामागे कधी एक कारण असते, तर कधी दोन.

दूषित पाण्यातून हेपॅटायटिस 'ए' आणि 'ई'चे विषाणू शरीरात शिरतात. त्याच पाण्यातून अमिबा हा परजीवीही येतो. विषाणूमुळे यकृताला सूज येते. अमिबा आतड्यातून रक्तावाटे यकृतात पोहोचतो आणि तिथे गळू होते. त्यात ताप येतो, उजव्या बरगडीखाली दुखते, पण डोळे बहुधा पिवळे होत नाहीत. डासांमार्फत येणाऱ्या फॅल्सिपॅरम हिवतापात मात्र तापासोबत कावीळही होऊ शकते.

येथे एक खूण लक्षात ठेवावी. विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप सहसा उतरतो. कावीळ दिसल्यावरही थंडी वाजून ताप येत राहिला, तर दुसरे कारण शोधलेच पाहिजे. हिवतापासाठी रक्त तपासावे आणि पोटाची सोनोग्राफी करावी. हिवताप आणि अमिबाच्या गळूवर नेमकी औषधे आहेत. विषाणूचा अहवाल आला म्हणून तपास थांबवला, तर तीच राहून जातात.

परजीवी आणि विषाणू मिळून यकृताचे किती नुकसान करतात, हे इजिप्तने अनुभवले. तेथे शिस्टोसोमा या कृमीवर १९५० ते १९८०च्या दशकांत गावोगावी इंजेक्शने दिली गेली. सुया नीट निर्जंतुक न केल्याने हेपॅटायटिस 'सी' पसरला. ज्यांच्या शरीरात दोन्ही होते, त्यांचे यकृत अधिक वेगाने खराब झाले.

म्हणून इंजेक्शन घेताना नवी सुई डोळ्यांसमोर उघडायला सांगावी. पाणी उकळूनच प्यावे. नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनला अमिबाचे कोष दाद देत नाहीत, उकळीने मात्र मरतात. काविळीत दारू पूर्ण बंद ठेवावी आणि तापाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गर्भवतीला कावीळ झाली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, फार झोपाळू झाला किंवा रक्तस्राव झाला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.