हुमनाबादहून परळपर्यंत : नवागतासाठी मुंबई बेटाची वाट

श्रीमाणिकप्रभूंच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातील भाविकांची पावले जशी हुमनाबादकडे वळतात, तशी हुमनाबादच्या माणसाची पावले प्रसंगी मुंबईकडे वळतात. मात्र ही वाट प्रत्येक वेळी हौसेची नसते. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून, तर के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून रुग्णसेवा करीत आहे. तेथे रुग्णास घेऊन प्रथमच येणाऱ्या कुटुंबापुढे उपचाराच्या चिंतेबरोबरच अनोळखी शहराची धास्तीही उभी असते. ही धास्ती बऱ्याच अंशी दूर करता येण्यासारखी आहे.

मूळ मुंबई हे बेट आहे, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घ्यावी. सात लहान बेटांमधील खाड्या बुजवून ते घडले. उत्तरेस माहीम व शीव येथे त्याची हद्द संपते. दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद अशा या भूमीवर लोहमार्गही साहजिकच दक्षिणोत्तर धावतात. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्या चर्चगेटहून, तर मध्य व हार्बर मार्गांच्या गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटतात. मध्य आणि पश्चिम हे दोन्ही मार्ग दादरला शेजारी येतात. म्हणून नवागताने दादर हे नाव पक्के लक्षात ठेवावे.

बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ साली पूर्ण झाला व हुमनाबाद कलबुर्गीशी रेल्वेने जोडले गेले. कलबुर्गीहून मुंबईची गाडी धरताना ती दादरला थांबते की कुर्ल्याजवळील लोकमान्य टिळक टर्मिनसला संपते, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. दादरला उतरणाऱ्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी मध्य रेल्वेची धीमी गाडी घ्यावी. पुढचेच स्थानक परळ होय. टिळक टर्मिनसला उतरणाऱ्याने प्रथम कुर्ला स्थानक गाठावे व तेथून त्याच दिशेची धीमी गाडी धरावी. शीव, माटुंगा, दादर आणि मग परळ असा क्रम आहे. जलद गाडी मधली स्थानके सोडून जाते. यासाठी फलाटावरील दर्शक फलकावर गाडीचे अंतिम स्थानक आणि ती धीमी की जलद, या दोन्ही बाबी पाहूनच गाडीत चढावे.

परळला उतरल्यावर पूर्वेकडील बाजूने बाहेर पडावे. पुलावरून पश्चिमेस गेल्यास आपण प्रभादेवी स्थानकात पोहोचतो. मुंबईत पत्ता विचारताना स्थानकाच्या नावापुढे ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ हे विचारण्याची सवय फार उपयोगी पडते.

आपल्या गावी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारी रिक्षा या बेटावर मिळत नाही. ती वांद्रे व शीवपर्यंतच येते. तेथून पुढे ‘बेस्ट’ची बस किंवा मीटरवर चालणारी काळी-पिवळी टॅक्सी ही साधने होत. बसच्या दर्शनी फलकावर मार्गाचा क्रमांक व अंतिम थांबा मराठीत दिसतो. सीमाभागातील मराठी वाचकास ही मोठीच सोय आहे.

उपनगरी गाड्यांतील अपंगांसाठी राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. स्त्रियांसाठी स्वतंत्र डबे असतात. उपचारासाठी लांबचा प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास व त्याच्या एका सोबत्यास रेल्वे भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी विहित नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. परतीच्या प्रवासापूर्वी त्याची चौकशी अवश्य करावी. सकाळी दक्षिणेकडे व सायंकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत अतोनात गर्दी असते. अशा वेळी अशक्त रुग्णास त्या गर्दीत न लोटता एक-दोन गाड्या सोडून द्याव्यात किंवा दादरहूनच टॅक्सी करावी. थोड्या पैशांच्या बचतीपेक्षा रुग्णाचे बळ मोलाचे आहे.

एका कागदावर ‘दादर, धीमी गाडी, परळ पूर्व’ एवढे चार-पाच शब्द लिहून खिशात ठेवावेत. वाट चुकल्यास तो कागद कोणाही मुंबईकरास दाखवावा. घाईत असलेला माणूसही बोट दाखवून दिशा सांगितल्यावाचून पुढे जात नाही, असाच येथील अनुभव आहे. वाटेची काळजी मिटली, म्हणजे ज्या कामासाठी एवढ्या दूर आलो त्या कामाकडे मन लावता येते.