पातेऱ्यातली खरखर

रत्नागिरीच्या सड्यावर वाढलेल्या माणसाला फुरशाची ओळख करून द्यावी लागत नाही. हातभरही नसलेलं, मातीच्या रंगाचं जनावर. पण डिवचलं की वेटोळं करून अंगावर अंग घासतं आणि करवतीसारखी खरखर काढतं. म्हणून कलमांच्या बागेत पातेऱ्यात काही वाजलं की पाय आधी उचलला जातो, ‘काय आहे?’ हा प्रश्न मागाहून येतो. बहुतेकदा सरडा निघतो. आपण आपल्यालाच हसतो; छाती मात्र पुढची काही मिनिटं धडधडत राहते.

पाय आधी आणि विचार नंतर, हे कसं? न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लडू यांनी उंदरांवर प्रयोग करून याचा माग काढला. कानावर पडलेला आवाज थॅलॅमस या मेंदूतल्या नाक्यावर पोहोचतो आणि तिथून दोन वाटा फुटतात. एक हमरस्ता: वरच्या बाह्यकातून जाणारा, सावकाश, नीट पारख करणारा. दुसरी पाखाडी: थेट अमिग्डालाकडे उतरणारी. अमिग्डाला म्हणजे ग्रीकमध्ये बदाम. आपण कोकणातले, काजूगर म्हणू. दोन्ही कानशिलांच्या आत असा एकेक गर असतो. पाखाडीने आलेली बातमी अर्धवट असते, पण लवकर येते. फुरशाच्या मुलखात तेवढं पुरतं.

लडूंनीच पुढे एक गोष्ट बजावली, ती मला फार मोलाची वाटते. अमिग्डालाला भीतीचं घर समजू नका. तिथून सुटतो तो शरीराच्या बचावाचा हुकूम. ‘मला भीती वाटतेय’ ही जाणीव मेंदूच्या वरच्या थरांत, आठवणी आणि शब्द मिसळून, तयार होते. चिंतेवर उपचार दोन अंगांनी का करावे लागतात, याचं उत्तर इथेच आहे.

हुकूम सुटला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रिनलीन सोडतात. त्याचा अतिरेक काय करतो हे कोकणाने विंचवामुळे पाहिलंय. लाल विंचवाच्या विषाने याच जातीच्या रसायनांचा लोंढा सुटतो: घाम, गार पडलेले हातपाय, हृदयावर ताण, फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पॅनिक अटॅकमध्ये विंचू न चावताच हीच यंत्रणा, कितीतरी सौम्य प्रमाणात, जागी होते. माणसाला वाटतं, आता मी जाणार. तो जात नाही. पहिल्यांदा असं झालं तर ईसीजी जरूर काढावा, थायरॉइडही तपासावं. पण अहवाल चांगला आल्यावरही दर महिन्याला नवा ईसीजी काढत बसणं, हा त्या आजाराचाच भाग असतो.

सरडा निघाला की भीती संपते. चिंतेची पंचाईत अशी की तिच्यात सरडा कधी निघतच नाही. आंब्याचा मोहोर टिकेल का, तुडतुडा येईल का, अवकाळी पडेल का, वाशीच्या बाजारात दर मिळेल का? माणसाच्या वरच्या मेंदूला न घडलेलं रंगवता येतं, आणि खालची यंत्रणा त्या चित्रालाही खरखर समजते. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी ज्यांनी जिन्यावर चढताना पाहिलं, त्यांना पुढच्या पावसाळ्यांत पत्र्यावरच्या सरी ऐकून झोप लागली नसेल, तर त्याला भित्रेपणा म्हणू नये.

आता उपचार. पहिलं अंग शरीराचं. समजा, आंबा घाटात एसटीत एकदा जीव घाबरा झाला. माणूस साखरप्याला उतरला आणि पाच मिनिटांत बरं वाटलं. मेंदूने हिशेब मांडला: उतरलो म्हणून वाचलो. मग एसटी सुटते, मग लग्नकार्यं सुटतात. टाळणं हेच चिंतेचं खत. म्हणून उपचार उलट्या दिशेने जातो. आधी रहाटाघर स्टँडवर उभ्या गाडीत नुसतं बसायचं. मग हातखंब्यापर्यंत, मग पालीपर्यंत, मग साखरपा, आणि शेवटी घाट. अट एकच: भीती चढली तरी ती आपोआप ओसरेपर्यंत उतरायचं नाही. जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘काही झालं नाही’ अशी नवी आठवण तयार होते आणि कपाळामागचा मेंदू तिच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. हे सराव जाणकाराच्या मदतीने, ठरवून केलेले बरे.

दुसरं अंग विचारांचं. अॅरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांनी ते घडवलं. मराठीत ते रुजवण्यात ठाण्याच्या आयपीएच संस्थेच्या डॉ. आनंद नाडकर्णींचा वाटा मोठा. एलिस ज्याला हट्टी मागणी म्हणतो, ती मराठीत एका ‘च’मध्ये मावते: सगळं नीट झालं‘च’ पाहिजे. तो ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहा.

औषधांबद्दल गैरसमज फार. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते, आणि नेमकं तेव्हाच लोक त्या फेकून देतात. याउलट अल्प्राझोलॅम लगेच आराम देतं, म्हणून शेजारच्या काकूंकडूनही मागून घेतलं जातं. सवय लागते ती याची. दोन्ही प्रकारच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत.

आमच्या गावात उपचारांना आणखी एक अडसर आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कैदेत रत्नागिरीत आणलं त्याच वर्षी, १८८६ साली, इथे मनोरुग्णालय सुरू झालं. तेव्हापासून कोकणात आणि कोल्हापूरकडेही ‘याला रत्नागिरीला न्या’ ही थट्टा चालते. त्या थट्टेची किंमत मोठी आहे. माणसं हृदयाच्या डॉक्टरांकडे जातात, गुरवाकडे कौल लावतात, गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाण्याला मी हसत नाही. कुणीतरी आपल्यासाठी बोलतंय याचा धीर मिळतो. पण त्याने एसटीत बसता येत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे दाखवायला जाणं म्हणजे भरती होणं नव्हे.

तिथवर पाय उचलत नसेल, तर फोन उचलावा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून.