सार्वजनिक काका

पक्षकाराचें वकीलपत्र असल्याखेरीज वकिलास कोर्टांत बोलतां येत नाहीं. हाच नियम पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी यांनीं राजकारणास लावला. साताऱ्यास १८२८ सालीं जन्मलेले जोशी पर्वती संस्थानच्या कारभाराविषयींच्या तक्रारींतून लोककार्यांत ओढले गेले, आणि २ एप्रिल १८७० रोजीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील तोच सभासद! असे ९५ सभासद सुमारें ६,००० लोकांच्या वतीनें बसले. ‘तुम्ही कोणाचे प्रतिनिधि?’ या सरकारी प्रश्नास हें सज्जड उत्तर होतें.

१८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या साध्या पोषाखांत गेले. पुढें १८७९ मध्यें वासुदेव बळवंत फडके यांच्यावर खटला झाला, तेव्हां त्यांच्या बचावास काका उभे राहिले. काकांचा मार्ग अर्जांचा, फडक्यांचा शस्त्रांचा. पण मार्ग न पटला म्हणून आरोपीस वकील नाकारावा, हें त्यांच्या न्यायबुद्धीस मानवणारें नव्हतें. फडक्यांस जन्मठेप झाली. पुढच्याच वर्षीं काका निवर्तले. सभेचें ‘सार्वजनिक’ हें नांव लोकांनीं त्यांना दिलें. कोणत्याही सरकारी किताबाहून तें मोलाचें होय.